पाचवी गोळी बाहेर का जाते? ६ पीपीसी बेंचरेस्ट रायफलबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. कस्टम ॲक्शनवर (बोल्ट बसतो तो रायफलीचा मधला भाग) बांधलेली, ६ पीपीसी काडतुसाची, साडेतेरा इंचात एक वेढा घेणारा ट्विस्ट असलेलं बॅरल, पिलर बेडिंग (ॲक्शन स्टॉकमध्ये घट्ट बसवायची रीत), दोन स्क्रू, ३६ पॉवरचा स्कोप, सगळं मिळून साडेदहा पौंडात बसणारी रायफल. पहिले सहा महिने १०० यार्डावर पाच गोळ्या सरासरी ०.२५० इंचात मारत होती. आता बॅरलमधून साधारण ७०० गोळ्या गेल्यात आणि गेले दोन महिने सरासरी ०.४०० वर जाऊन बसलीय, बरेचदा चार गोळ्या एका भोकात आणि पाचवी बाहेर, कधी डावीकडे कधी वर, काही नेम नाही. या दोन महिन्यांत तुम्ही बुलेट बदलली, नेकचं बुशिंग (पुंगळीचं तोंड आवळणारी कडी) बदललं, सीटिंग डेप्थ (बुलेट पुंगळीत किती खोल बसवायची ते माप) बदलली, बॅरल घासघासून साफ केलं, आणि आता विचारताय की हे बॅरल काढून नवीन लावू का.

नका लावू. निदान आत्ता तरी नका.

बॅरल खराब नसेलच असं मी म्हणत नाही, पण ते खराब आहे असं दाखवणारी एकही गोष्ट तुमच्या लिहिण्यात मला दिसली नाही. दोन महिन्यांत चार गोष्टी बदलल्या म्हणजे आता पूर्वीची ०.२५० वाली रायफल कुठली होती हेच आपल्याला माहीत नाही. माझं पहिलं सांगणं हे की जुनी बुलेट, जुनं बुशिंग, जुनी सगळी मापं परत आणा, वहीत असतीलच. आणि इथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती सुद्धा आधी आजार कुठे आहे हे सिद्ध झाल्यावर. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होतं, आणि या खेळात बंबाचा खर्च डॉलरमध्ये शेकड्यांनी असतो.

माझ्याबद्दल एक ओळ. मी मूळचा कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत टूलरूमला होतो, पुढे इकडे ओहायोत आलो आणि वीसेक वर्षं बेंचरेस्ट खेळतोय. माझी विचार करायची पद्धत टूलरूमवाल्याची आहे, आधी मोजायचा डायल लावून बघ, मग हातोडी उचल.

जे नवीन वाचणारे आहेत त्यांच्यासाठी, आपल्याकडे रायफल शूटिंग म्हटलं की तेजस्विनी सावंत आठवतात, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेणारा आपला स्वप्नील कुसळे आठवतो. तिथे खेळाडूचं शरीर हाच स्टँड असतो. बेंचरेस्टमध्ये रायफल टेबलावर, पुढे रेस्ट, मागे वाळूची बॅग. शरीर जवळजवळ बाजूला काढलं जातं आणि उरतात रायफल, काडतूस, वारा आणि तो वारा वाचणारा माणूस. हा खेळ अमेरिकेतला, इथली राष्ट्रीय संघटना १९५१ सालची, आणि ६ पीपीसी हे काडतूस लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी १९७५ च्या सुमारास .२२० रशियन पुंगळीवरून बनवलं, ते आजही १०० आणि २०० यार्डाच्या ग्रुप मॅचेसमध्ये सगळीकडे दिसतं. पाच गोळ्यांतल्या सगळ्यात लांब दोन गोळ्यांच्या केंद्रांमधलं अंतर म्हणजे ग्रुप, अशा पाच ग्रुपांची सरासरी म्हणजे ॲग, आणि मॅच ॲगवर जिंकतात. मॅक मॅकमिलनने १९७३ साली १०० यार्डावर ०.००९ इंचाचा ग्रुप मारला तो चाळीस वर्षं रेकॉर्ड होता, २०१३ ला ०.००७७ चा आला. पण असा एखादा ग्रुप पडणं वेगळं आणि रोज ०.२०० चा ॲग मारणं वेगळं, आणि मला विचाराल तर दुसरं जास्त अवघड.

याच मुद्द्यावरून सुरुवात करतो कारण तुम्ही लिहिलंय की बुशिंग बदलल्यावर "लगेच ०.२१० चा ग्रुप पडला, पण दुसऱ्या दिवशी परत बिघडलं". तो ०.२१० बुशिंगमुळे पडला नव्हता हो. समजा एखादी रायफल खरोखर ०.३०० ची आहे, म्हणजे शंभर ग्रुप मारले तर सरासरी तेवढी येईल. त्या रायफलीत काहीही न बदलता एक ग्रुप ०.२०० चा पडेल, पुढचा ०.४०० चा, आणि अधूनमधून ०.४५० चाही. पाच गोळ्यांच्या ग्रुपचा स्वभावच तेवढा डगमगता आहे. एका ग्रुपवरून काही ठरवणं म्हणजे एका ओव्हरवरून बॅट्समन ठरवणं. पाच ग्रुप मारा, सगळे मोजा, वाईट पडलेला "हा माझ्यामुळे" म्हणून सोडून देऊ नका, आणि सरासरी काढा. त्यातही इंचाच्या दोन-तीन शतांशांचा फरक निव्वळ नशिबाचा असू शकतो. पण ०.२५० वरून ०.४०० आणि ते सुद्धा दोन महिने, हे नशीब नाही. कुठेतरी नक्की पाणी मुरतंय, त्यामुळे तुमची शंका बरोबरच आहे, फक्त बोट चुकीच्या जागेवर आहे असं मला वाटतं.

आता एक गोष्ट तुम्ही कुठेच लिहिली नाही म्हणून विचारतो. वारा दाखवणारे फ्लॅग लावता का? प्रॅक्टिसला, दरवेळी?

लावत नसाल तर पुढचं सगळं वाचण्याआधी हे करा. ६ पीपीसीची ६५ ते ६८ ग्रेनची बुलेट सेकंदाला ३३०० फुटांच्या आसपास निघते, तिला ताशी १० मैलाचा आडवा वारा १०० यार्डावर साधारण पाऊण ते एक इंच ढकलतो. म्हणजे एक मैलाला इंचाचे आठ-नऊ शतांश धरा. एक मैलाचा वारा गालाला जेमतेम कळतो. आणि तुम्ही चार गोळ्या डावीकडच्या तीन मैलांच्या वाऱ्यात मारल्या, पाचवीच्या वेळी वारा फिरून उजवीकडून तीन मैलांचा झाला, तर ती पाचवी अर्धा इंच बाहेर जाणार, रायफल कितीही चांगली असली तरी. तुमचं "चार एका भोकात, पाचवी बाहेर" हे चित्र वाऱ्याने अगदी असंच तयार होतं. तुम्ही लिहिलंय कधी डावीकडे कधी वर. उजव्या पिळाच्या बॅरलमधली बुलेट उजवीकडून आलेल्या वाऱ्यात नुसती डावीकडे जात नाही, थोडी वरही जाते, घड्याळात दहा वाजतात त्या दिशेला, आणि डावीकडून वारा आला तर चारच्या दिशेला खाली. तुमच्या बाहेर गेलेल्या गोळ्या या दहा-चारच्या रेषेवर पडतायत का ते जुन्या टार्गेटांवर पट्टी ठेवून बघा. पडत असतील तर निम्मं उत्तर मिळालंच.

सहा महिने चांगलं मारत होतो तेव्हाही फ्लॅग नव्हते असं म्हणाल, तर ते सहा महिने कुठले होते ते आठवा. उन्हाळ्यात पहाटे सात वाजता मारलेले ग्रुप आणि ऑक्टोबरच्या दुपारचे ग्रुप यात वारा काय करतो हे फ्लॅगशिवाय कळणारच नाही. मी इथे ओहायोतल्या केल्ब्लींच्या रेंजवर सुपर शूट या मोठ्या मॅचला पहिल्यांदा नुसता बघायला गेलो होतो तेव्हा ते शेत भरून लावलेले फ्लॅग बघून मला वाटलं ही सजावट आहे. एका म्हाताऱ्या शूटरच्या मागे खुर्ची टाकून बसलो, त्याने साइटरवर (मोजणीत न धरायच्या टार्गेटवर) एक गोळी मारली, मग तीन मिनिटं काहीच नाही, सात मिनिटांच्या वेळेतली तीन मिनिटं नुसता फ्लॅगांकडे बघत बसला, मग शेपट्या जशा त्याला हव्या होत्या तशा आल्या आणि पाच गोळ्या वीसेक सेकंदांत मारून मोकळा झाला. त्या दिवशी मी घरी येऊन आधी चार फ्लॅग बनवले, नंतर रायफलीचा विचार केला. महाग काही लागत नाही, एक हलका पत्रा किंवा प्लास्टिकचं पान जे बॉलबेअरिंगवर फिरेल, त्याला मागे रिबनची शेपटी, आणि खाली रॉड. १०० यार्डाला चार पुरतात. बेंचच्या जवळचा फ्लॅग सगळ्यात महत्त्वाचा समजा, कारण तिथे बुलेटला लागलेला धक्का पुढचं सगळं अंतर वाढत जातो. लोक टार्गेटजवळचा फ्लॅग बघत बसतात.

वारा झाला की बेंच. रायफलमध्ये गोळी नाही, बोल्ट काढून बाजूला ठेवलाय हे बघून घ्या. स्कोपची क्रॉसहेअर टार्गेटवरच्या एका ठिपक्यावर आणा. आता रायफलीला फक्त दोन बोटांनी मागे दीड-दोन इंच ओढा आणि परत स्टॉपला लागेपर्यंत पुढे सरकवा, आणि डोळा स्कोपला. क्रॉसहेअर एका सरळ रेषेत खालीवर जाऊन त्याच ठिपक्यावर परत आली पाहिजे. वाकडी गेली, अडखळली, परत येताना पाव इंच बाजूला बसली, तर रिकॉइललाही तेच होतंय, फक्त तेव्हा ते तुम्हाला दिसत नाही. हे दहा वेळा करा. माझ्या माहितीत निम्म्या लोकांची रायफल इथेच नापास होते. कारणं अगदी साधी असतात. मागच्या बॅगचे कान ढिले, वाळू खाली बसून पोकळ झालेली. बॅगच्या चामड्याला घामाने आणि दमट हवेने चिकटपणा आलेला, त्याला थोडी टाल्कम पावडर लावा, फरक बोटांना कळतो. पुढच्या रेस्टच्या बॅगने फोरएंडला (स्टॉकच्या पुढच्या भागाला) दोन्ही बाजूंनी जास्त आवळलेलं. रेस्टचे पाय काँक्रीटवर नीट रुतलेले नाहीत, प्रत्येक गोळीला केसभर सरकतात. मागची बॅग आणि पुढची रेस्ट बॅरलच्या एका रेषेत नाहीत. आणि एक, जे स्वतःचं स्वतःला दिसत नाही, खांदा. पहिल्या चार गोळ्यांना खांदा स्टॉकला जेमतेम टेकलेला आणि पाचवीला "आता ही नीट मारतो" म्हणून थोडा जास्त दाबलेला. मोबाइल बाजूला उभा करून व्हिडिओ काढा आणि बघा. साडेदहा पौंडाच्या रायफलीला खांद्याचा फरक चांगलाच कळतो.

आता स्कोप. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण या एका गोष्टीने माझा एक अख्खा सीझन खाल्लाय.

तुमच्यासारखंच, चार आत एक बाहेर. मी बॅरल बदललं. नवीन बॅरलनेही तेच. मग बेडिंग खरवडून परत केलं, दोन वीकएंड गेले. तेही तेच. मग पुंगळ्यांचा नवा सेट बनवला, वीस पुंगळ्यांच्या नेक वळायला लागले तीन संध्याकाळ. तेच. घरच्यांनी विचारायचं सोडून दिलं होतं. ऑगस्टमध्ये एका मॅचला माझ्या शेजारच्या बेंचवाल्याने माझं टार्गेट बघितलं आणि काही न बोलता स्वतःच्या रायफलीवरचा स्कोप रिंगांसकट काढून माझ्या हातात ठेवला, म्हणाला जेवणाच्या सुट्टीत हा लावून मार. त्या रायफलीने तो सकाळी ०.१९ चा ॲग मारून बसला होता, म्हणजे तो स्कोप सिद्ध झालेला होता. मी लावला, झीरो केला, तीन ग्रुप मारले, ०.२३०, ०.१९५, ०.२६०. त्याच पुंगळ्या, तेच बॅरल, तीच दुपार. मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. माझा स्कोप कंपनीकडे पाठवला तर "काही दोष आढळला नाही" म्हणून परत आला, पण तो परत कधी मॅचच्या रायफलीवर चढवला नाही.

होतं काय, स्कोपच्या आत एक छोटी नळी असते, टरेट (क्रॉसहेअर सरकवायची चावी) फिरवला की ती नळी हलते आणि स्प्रिंग तिला टरेटच्या टोकाशी दाबून धरते. दर गोळीला ती स्प्रिंग धक्का खाते. नळी परत त्याच जागी बसली तर ठीक, एक-दीड हजारांश इंच इकडेतिकडे बसली की १०० यार्डावर ती गोळी ग्रुपबाहेर. हे डोळ्याने दिसत नाही, कारण क्रॉसहेअर तुम्ही परत ठिपक्यावर आणताच, फक्त आता बॅरल दुसरीकडे बघतंय. म्हणूनच इथले काही शूटर स्कोपच्या आतली नळी चक्क चिकटवून टाकून ॲडजस्टमेंट बाहेरच्या रिंगांवर घेतात.

तपासायची सगळ्यात सोपी रीत ही की चांगल्या मारणाऱ्या माणसाचा चालू स्कोप एका दुपारपुरता मागून घ्या. पाच ग्रुप मारा, फ्लॅग लावून. या खेळातली माणसं मागितलं तर देतात, मला कधी कुणी नाही म्हटलेलं नाही. आणि स्कोप काढताना बेसचे स्क्रू तपासा, ढिला बेस हा स्कोपपेक्षा स्वस्त दोष आहे, तो निघाला तर पेढे वाटा. पॅरॅलॅक्स पण बघा, रायफल बॅगेवर स्थिर ठेवून डोळा वरखाली हलवला तर क्रॉसहेअर टार्गेटवर जागा सोडता कामा नये.

बेडिंगकडे मी स्कोपनंतर येतो कारण ते अचानक कमी बिघडतं, पण दोन स्क्रूंची रायफल आहे म्हणून तपासणं दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यात अंदाज काही नाही. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर, उभी किंवा व्हाइसच्या मऊ जबड्यात हलकी धरलेली. बॅरलला एक क्लॅम्प लावून त्यावर डायल बसवा, गोल बॅरलवर नुसत्या मॅग्नेटचा भरवसा धरू नका. डायलचं टोक स्टॉकच्या फोरएंडला टेकवा आणि शून्य करा. आता पुढचा स्क्रू हळूहळू ढिला करा आणि काट्याकडे बघा. काटा जागचा हलला नाही किंवा एखादा थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हलला तर बेडिंग चांगलं आहे. दोन थाऊच्या वर गेला तर ॲक्शन स्टॉकमध्ये वाकवून बसवलेली आहे, स्क्रू आवळला की ती धनुष्यासारखी ताणली जाते. परत आवळा आणि मागच्या स्क्रूने तेच करा. मला हे बघायला अजूनही आवडतं, काटा एकदम शांत राहिला की बेडिंग करणाऱ्याचा हात कळतो. आणि हे करताना एक गोष्ट नक्की बघा, पुढचा स्क्रू त्याच्या भोकात कडेला घासत नाही ना आणि आत जाऊन बोल्टच्या लगला (बोल्ट अडकवणाऱ्या दाताला) टेकत नाही ना. स्क्रू अर्धा आटा लांब असला तरी हे होतं, बोल्ट बंद करताना किंचित जड लागतो तो त्याचाच.

त्याच टेबलावर बोल्ट उघडून फायरिंग पिन बघा. पिनला किंवा कॉकिंग पीसला एका बाजूला चमकलेली रेघ असेल तर ती घासतेय, म्हणजे प्रायमरला (पावडर पेटवणाऱ्या टोपीला) बसणारा ठोका दरवेळी सारखा नाही. स्प्रिंग जुनी झाली की लांबीला कमी होते, नवीन स्प्रिंगशेजारी उभी करून बघितलं की कळतं. इग्निशनचा दोष बहुतेक वेळा वरखाली दिसतो. तुमची वर जाणारी गोळी जर वाऱ्याच्या त्या दहा-चारच्या रेषेवर बसत नसेल, सरळ वरच जात असेल, तर मी इथे संशय घेईन. स्प्रिंग तशीही दर एक-दोन सीझनला बदलावी, तेवढ्या पैशात मनाची शांतता मिळते.

आता बॅरल, ज्याच्या मागे तुम्ही हात धुवून लागलाय. ७०० गोळ्या म्हणजे ६ पीपीसीच्या बॅरलचं म्हातारपण नाही, चांगली बॅरलं हजाराच्या पुढेही मॅचला चालतात. दोन गोष्टी मात्र ७०० ला नक्की झालेल्या असतात. एक, चेंबरच्या पुढे, पुंगळीचा नेक संपतो तिथे कार्बनची कडी जमते, आणि ती नुसत्या सॉल्व्हंट आणि ब्रशने जात नाही. तुम्ही बॅरल घासलंय खरं पण ब्रश तिथून झरकन निघून जातो. क्लबमध्ये कुणाकडे बोअरस्कोप असेल तर आत बघा, काळी चकचकीत पट्टी दिसली तर ती त्याच कामाच्या पेस्टने, पॅचवर, गाईड लावून, फक्त त्या इंचभर जागेत सावकाश काढायची. पुढे क्राऊनकडे (बॅरलच्या तोंडाच्या कडेकडे) जाऊन रॉड आपटायचा नाही. क्राऊन कापसाच्या काडीने आतून बाहेर फिरवून बघा, धागा कुठे अडकला तर तिथे बर (धातूची बारीक कुसळ) आहे.

दुसरी गोष्ट, लँड (बॅरलच्या आतले पिळाचे उंच कंगोरे) पुढे सरकलेत. गरम वायूने थ्रोट (चेंबरच्या लगेच पुढचा भाग) झिजतो आणि रायफलिंग जिथे सुरू होतं ती जागा काही थाऊ पुढे जाते. तुम्ही लिहिलंय की सीटिंग डायचं माप "जे पहिल्यापासून होतं तेच" ठेवलं होतं आणि मग अंदाजाने बदललं. ते माप डायचं होतं, बॅरलचं नव्हे. पहिल्या दिवशी त्या मापाला बुलेट लँडमध्ये घट्ट बसत होती, आज त्याच मापाला ती जेमतेम टेकतेय किंवा टेकतही नाहीये, आणि टेकणं-न टेकणं याच्या काठावर असलेलं लोडिंग चार गोळ्या आत आणि एक बाहेर टाकू शकतं. फायरिंग पिन काढलेल्या बोल्टने, पावडर आणि प्रायमर नसलेल्या डमीवर परत लँडची जागा शोधा, बुलेटवर बारीक लोखंडी लोकरीने घासून घेतलं की लँडच्या चौकोनी खुणा स्वच्छ दिसतात. खुणेची लांबी रुंदीएवढी झाली की ती चौकोनी. तिथून सुरू करा आणि बुलेट पुंगळीत तीन-तीन थाऊने आत बसवत जा. पावडरचं वजन मी मुद्दाम लिहीत नाही, ते पावडर बनवणाऱ्यांच्या छापील डेटामधून घ्यायचं आणि त्याच्या मर्यादेत राहायचं. आणि हे लक्षात ठेवा की बुलेट परत लँडमध्ये घट्ट गेली की प्रेशर वाढतं, म्हणून आधी लोड खाली आणूनच हा प्रयोग करायचा.

पुंगळ्यांवर नंबर घातलेत का? नसतील तर आज घाला, १ ते २०, कायमच्या मार्करने. पाचवी गोळी बाहेर गेली की त्या पुंगळीचा नंबर वहीत लिहा. तीच पुंगळी तीन वेळा तेच करताना दिसली तर ती बाजूला. ऐकायला फार साधं वाटतं पण मला माझ्या एका सेटमध्ये अशा दोन सापडल्या होत्या, त्या काढल्या आणि ॲग उतरला. बोल्ट उचलताना अगदी शेवटी "टक" असा आवाज येतो का तेही बघा. येत असेल तर पुंगळीचा बुडाकडचा भाग फुगलाय आणि तुमची डाय तो पुरेसा लहान करत नाहीये, तेव्हा पुंगळी चेंबरमध्ये सुखाने बसत नाही. तुमच्या पुंगळ्या किती वेळा मारून झाल्यात हे लिहिलेलं नाही, पण वीस पुंगळ्या आणि ७०० गोळ्या म्हणजे प्रत्येकी पस्तीस फायर. नेकही तोवर कडक झालेले असतात, बुशिंग तेच असलं तरी बुलेटवरची पकड बदललेली असते. हा सेट आता सरावाला ठेवा आणि नवीन पंधरा-वीस बनवा असं मी सांगेन, पण स्कोपचा निकाल लागल्यावर, आधी नाही.

ट्यूनबद्दल, म्हणजे लोड बॅरलला जुळवण्याबद्दल, थोडंच. आपली नेहमीची एन१३३ पावडर हवेला नखरे करते, सकाळी गार-दमट असताना जो लोड एका भोकात मारतो तोच दुपारी उन्हात वरखाली पसरतो, म्हणून तर इथले शूटर काडतुसं घरून भरून आणत नाहीत, रेंजवरच टेबल मांडून दोन टार्गेटांच्या मध्ये भरतात. तुम्ही घरून भरून नेत असाल तर सकाळची ट्यून दुपारी चालेल ही अपेक्षा सोडून द्या. पण ट्यून गेली की साधारण सगळ्याच गोळ्या उभ्या पसरतात, चार शहाण्या आणि एक वेडी असं कमी होतं. म्हणून तुमच्या आजाराचं मूळ मला ट्यूनमध्ये वाटत नाही. बॅरलच्या तोंडाला लावायचा ट्यूनर घेऊ का असंही विचारलंत. घ्या पुढे कधीतरी, चांगली गोष्ट आहे, पण आत्ता लावलात तर फिरवायला अजून एक चावी मिळेल आणि गोंधळ वाढेल.

ह्यूस्टनमध्ये १९८० च्या दशकात काही शूटरनी एका प्रचंड लांब गोदामाच्या आत, वारा नाही ऊन नाही अशा जागी, रायफली मारून बघितल्या होत्या. बाहेर चांगल्या समजल्या जाणाऱ्या कितीतरी रायफली तिथेही एका ठराविक आकड्याच्या खाली गेल्या नाहीत, मोजक्याच गेल्या. मला त्यातली गंमत वाटते ती ही की वारा काढून टाकल्याशिवाय रायफल खरी किती आहे हे त्यांनाही ठरवता आलं नव्हतं. आपल्याकडे गोदाम नाही, पण पहाटेचा पहिला तास आहे आणि फ्लॅग आहेत.

तर करा असं. येत्या शनिवारी शक्य तितक्या लवकर रेंजवर जा, जुनी बुलेट, जुनं बुशिंग, कार्बन काढलेलं बॅरल, लँडपासून नव्याने मोजलेली सीटिंग. चार फ्लॅग लावा. बॅगची ती दोन बोटांची टेस्ट पास झाल्यावरच गोळी भरा. तुमच्या स्कोपने पाच ग्रुप, मग मागून आणलेल्या स्कोपने पाच ग्रुप, मध्ये दुसरं काहीही बदलायचं नाही. दहाही ग्रुप मोजा. भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून त्यातून ०.२४३ वजा करा, आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक गोळीशेजारी पुंगळीचा नंबर आणि त्या क्षणी जवळच्या फ्लॅगची शेपटी कुठे होती ते पेन्सिलीने लिहा. डायलचे दोन्ही आकडेही लिहा. टार्गेटांचे फोटो वाईट ग्रुपांसकट सगळेच पाठवा, मी रविवारी रात्री बसून बघतो, आणि तुमचा स्कोप दोषी निघाला तर दुसरा मिळेपर्यंत माझा जास्तीचा एक पाठवून देईन.